इंग्रजी ‘टेक’चे अर्थ आणि मूळ कसे शोधावे: वही घेऊन करायचे सात टप्पे

मागच्या महिन्यात संध्याकाळच्या शिकवणीच्या वह्या तपासत होतो. एकाच पानावर चार वाक्यं दिसली. ‘आय गेव्ह माय एक्झाम.’ ‘डोन्ट टेक टेन्शन.’ ‘टू आवर्स टेक फॉर लातूर.’ ‘आय हॅव टुक द फॉर्म.’ पोरगा हुशार आहे, कष्टाळूही आहे. चुकीचं मूळ त्याच्या वहीच्या पहिल्याच पानावर सापडलं. तिथं ‘टेक = घेणे’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याखाली फोनवर आलेला मजकूर उतरवला होता: हा शब्द आपल्या ‘टेकणे’वरून गेला.

या दोन ओळी मला दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत दिसतात. अर्थ आधी पाठ होतो, मूळ आधी ठरतं आणि वाक्यं शेवटी येतात. क्रम नेमका उलटा हवा. तो खाली दिलाय. ‘टेक’वर नीट केला तर ‘गेट’, ‘मेक’, ‘रन’, कुठलंही क्रियापद असंच हाताळता येतं.

बसण्याआधीची तयारी

दोनशे पानी वही घ्या आणि पान उभं दुमडून दोन रकाने करा. डावीकडं इंग्रजी वाक्य, उजवीकडं मराठी. ‘शब्द आणि अर्थ’ असे रकाने पाडू नका, सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

शब्दकोश दोन तऱ्हेचे लागतील. एक विद्यार्थ्यांसाठीचा, उदाहरणार्थ ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’. दुसरा शब्दांचं मूळ देणारा, असे कोश आता इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. सोबत मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ठेवा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची, तोही इंटरनेटवर आहे. इंग्रजी क्रियापदासाठी मराठी कोश कशाला, ते दुसऱ्या टप्प्यात कळेल.

तीन रूपं आजच पक्की करा: टेक, टुक, टेकन. ‘टुक’ ऱ्हस्व आहे, ‘बुक’सारखा. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’च्या मागं ‘टुक’ कधीच येत नाही, ‘टेकन’च येतं. रूपं लक्षात राहत नसतील तर ‘शेक, शुक, शेकन’ शेजारी लिहा. दोघांची चाल एकच आहे.

टप्पा १: आधी वाक्यं, कोश मिटलेलाच

वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, औषधाच्या डबीवरचा कागद, क्रिकेटचं समालोचन, मिळेल तिथून ‘टेक’ असलेली पंचवीस वाक्यं डाव्या रकान्यात उतरवा. पूर्ण वाक्य हवं. ‘टेक केअर’, ‘टेक ऑफ’ असे तुकडे चालणार नाहीत, कारण कर्ता कोण आणि कर्म काय हे तुकड्यात दिसत नाही आणि अर्थ त्यावरच ठरतो.

तपासून पाहा: पंचवीसपैकी निदान पाच वाक्यांत कर्ता माणूस नसावा. ‘इट’, ‘द जर्नी’, ‘द ग्राफ्ट’ असा काहीतरी असावा. नसेल तर अजून शोधा.

टप्पा २: मराठीत सांगा आणि क्रियापदाखाली रेघ मारा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. एकेक वाक्य वाचायचं, डोळे वर करायचे आणि घरी आईला सांगाल तसं मराठीत सांगायचं. मग उजव्या रकान्यात लिहून त्यातल्या मराठी क्रियापदाखाली रेघ मारायची. ‘घेणे’ बसवायचा अट्टहास नको. तोंडून आपसूक आलेलं क्रियापदच खरं.

असं केल्यावर गठ्ठे दिसू लागतात.

‘घेणे’चा गठ्ठा सोपा आहे: गोळी घेणे, काळजी घेणे, श्वास घेणे. ‘नेणे’चा गठ्ठा जरा जपून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. मिरजेचा माणूस म्हणेल, ‘द ट्रेन टुक वॉटर टू लातूर.’ लातूरला घागर घेऊन उभा असलेला म्हणेल, ‘द ट्रेन ब्रॉट वॉटर.’ गाडी तीच, पाणी तेच. बोलणारा कुठं उभा आहे यावर ‘टेक’ की ‘ब्रिंग’ ते ठरतं. मराठीत नेणे आणि आणणे यांत आपण कधी चुकत नाही, मग इंग्रजीतही चुकायचं कारण नाही.

‘देणे’च्या गठ्ठ्यात एकच वाक्य असेल, पण महत्त्वाचं. आपण परीक्षा देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि मास्तर ती ‘गिव्ह’ करतात. अगदी उलट. हे वाक्य लाल शाईनं लिहा.

‘धरणे’: ‘टेक माय हँड’ म्हणजे माझा हात धर. ‘टेक रूट’ म्हणजे मूळ धरणे. ‘द यार्न टुक द डाय वेल’ म्हणजे सुतानं रंग चांगला धरला. ‘काढणे’: फोटो काढणे, चप्पल काढणे. ‘भरणे’: माळेगावची जत्रा दरवर्षी भरते, ‘टेक्स प्लेस एव्हरी इयर’. ‘ठेवणे’: पाडव्याला सालगडी ठेवला, ‘टुक ऑन’. ‘जाणे’: पोरगं बापावर गेलंय, ‘टेक्स आफ्टर हिज फादर’.

आता ‘लागणे’. माझ्या मते ‘टेक’ची खरी किल्ली इथं आहे, आणि शिकवण्यांमधून ती कुणी हातात देत नाही. ‘इट टेक्स थ्री अवर्स टू रीच नांदेड’ म्हणजे नांदेडला जायला तीन तास लागतात. ‘द टॉर्च टेक्स टू सेल्स’ म्हणजे बॅटरीला दोन सेल लागतात. ‘इट टेक्स करेज’ म्हणजे त्याला धाडस लागतं. ‘ही टुक टू वेकिंग अर्ली’ म्हणजे तो लवकर उठू लागला.

यातलं एक वाक्य मला शेतात सापडलं. अंबाजोगाईकडं एका ओळखीच्यांच्या बांधावर केशर आंब्याची कलमं बांधणं चालू होतं. खुंट आडवा छाटला, मधोमध चीर दिली, डोळकाडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली, ती चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा काडीच्या टोकाला तांबूस कोंब फुटला होता. बांधणारे काका म्हणाले, ‘हे लागलं बघा.’ शेजारची काडी काळी पडली होती. ‘हे न्हाई लागलं.’ इंग्रजीत माळी नेमकं हेच म्हणतो: ‘द ग्राफ्ट हॅज टेकन.’ कर्म नाही, ‘बाय’ नाही, काही नाही. कलम लागलं. पाच वर्षं पुस्तक वाचूनही मला हा प्रयोग कळला नव्हता, त्या काडीकडं बघून कळला.

सावधान: हा पूल एकाच बाजूनं ओलांडायचा. ‘टेक’चं ‘लागणे’ होतं म्हणून प्रत्येक ‘लागणे’चं ‘टेक’ होत नाही. भूक लागली, ठेच लागली, निकाल लागला, नोकरी लागली, झाडाला आंबे लागले, यांपैकी कुठंच ‘टेक’ चालत नाही. मोल्सवर्थमध्ये ‘लागणे’ची नोंद एकदा उघडून बघा. ती किती लांबत जाते हे पाहिलं की इंग्रजी क्रियापदाला पंचवीस अर्थ असल्याचं दडपण उतरतं. त्याहून अवघड क्रियापद तर आपण दुसऱ्या वर्षापासून वापरतोय.

टप्पा ३: आता कोश उघडा

गठ्ठे झाल्यावरच कोश उघडायचा. नोंदीतल्या प्रत्येक अर्थासमोर आपल्या गठ्ठ्याचं नाव पेन्सिलीनं लिहा. जो अर्थ कुठल्याच गठ्ठ्यात बसत नाही, त्याचं एक वाक्य वहीत वाढवा.

इथं नेहमीची चूक होते ती पहिल्या क्रमांकाच्या अर्थाला मुख्य अर्थ मानण्याची. विद्यार्थ्यांच्या कोशात आज जास्त वापरला जाणारा अर्थ साधारणपणे आधी येतो. १९२८ साली पहिल्यांदा पूर्ण झालेल्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशासारख्या ऐतिहासिक कोशात जुने अर्थ आधी असतात. त्यामुळं कुठल्या जातीचा कोश हातात आहे ते आधी बघा, नाहीतर आठशे वर्षांपूर्वीचा अर्थ आजच्या अर्जात लिहाल.

तपासून पाहा: ‘आय टेक इट यू आर फ्रॉम परभणी’ हे वाक्य कुठल्या गठ्ठ्यात गेलं? ‘समजणे’चा गठ्ठा वहीत नसेल तर तो आत्ता करा. तुम्ही परभणीचे आहात असं मी धरून चालतो. ‘धरून चालणे’ सुचलं असेल तर ‘धरणे’तही चालेल.

टप्पा ४: मागं जोडून येणारे शब्द

‘टेक ऑफ’, ‘टेक इन’, ‘टेक ओव्हर’ वगैरेंची यादी पाठ करू नका. शंभरची यादी आठ दिवसांत पुसली जाते. दोनच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: दोन्ही शब्दांचे अर्थ जोडून वाक्याचा अर्थ लागतो का? ‘टेक डाउन द पिक्चर’, तसबीर खाली घे. लागतो. अशांना वेगळी नोंद नको.

दुसरा प्रश्न: लागत नसेल तर चित्र काय आहे? विमान चिकलठाण्याहून ‘टेक ऑफ’ होतं म्हणजे जमिनीपासून सुटतं. ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे मी फसलो. इथं चित्र असं की समोरच्यानं आपल्याला त्याच्या बोलण्याच्या आत ओढलं. चित्र सापडलं की शब्द राहतो.

सावधान: कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येतं. ‘टेक इट ऑफ’ बरोबर, ‘टेक ऑफ इट’ चूक. मात्र ‘टेक आफ्टर’ फोडता येत नाही. ‘ही टेक्स हिम आफ्टर’ असं कुणी म्हणत नाही.

टप्पा ५: मुळाची शिडी, एकेक पायरी खाली

आता कुठं मूळ. हे आधी करायला गेलात तर आवडतं मूळ हाती येतं, खरं येत नाही.

नोंदीतल्या खुणा आधी वाचायला शिका. बाणाचं टोक म्हणजे ‘याच्यापासून आला’. शब्दाच्या सुरुवातीला तारका असेल तर तो शब्द कुठंही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी नात्यातल्या भाषा ताडून तो बांधलेला आहे. ‘तुलना करा’ असा शेरा असेल तर पुढचा शब्द भाऊबंद आहे, बाप नाही. माझ्याकडची निम्मी मुलं भाऊबंदालाच बाप करून टाकतात.

आता शिडी लिहा, प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर:

आजचं ‘टेक’.
त्याखाली मध्ययुगीन इंग्रजीतलं ‘ताकेन’.
त्याखाली जुन्या इंग्रजीच्या अगदी शेवटच्या काळातलं ‘ताकान’.
त्याखाली जुन्या नॉर्स भाषेतलं ‘ताका’.

म्हणजे हा शब्द इंग्रजीचा घरचा नाही. स्कँडिनेव्हियातून येऊन नवव्या शतकापासून इंग्लंडात वस्ती केलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतून, म्हणजे नॉर्समधून, तो आला. आइसलँडमध्ये आजही ‘ताका’च म्हणतात. ‘गेट’ आणि ‘दे’ हेही त्याच वाटेनं आलेले.

शिडीच्या बाजूला एक पायरी काढा: याआधी इंग्रजीत काय होतं? ‘निमान’ होतं. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘नेमेन’ अजून रोजच्या वापरात आहे. इंग्रजीत ते मेलं, पण जाताना एक आठवण ठेवून गेलं. बसून बसून पाय बधिर होतो त्याला इंग्रजीत ‘नम’ म्हणतात. तो याच ‘निमान’चा तुकडा. मूळ अर्थ धरला गेलेला, पकडला गेलेला. त्याच्या शेवटी लिहिला जाणारा मुका ‘बी’ नंतर चिकटला.

दुसऱ्या भाषेतून नामं सहज येतात, रोजचं क्रियापद क्वचितच. आपल्याकडं बघा. अरबी-फारसीतून ढीगभर शब्द आले, पण बहुतेकांना आपण ‘करणे’ जोडलं: सुरू करणे, कबूल करणे. ‘बदल’ला मात्र थेट प्रत्यय लागून ‘बदलणे’ झालं आणि ते परकं आहे हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. ‘टेक’ तसं इंग्रजीत मुरलं.

आणखी एक पायरी बाजूलाच. इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, आता मेलेल्या गॉथिक भाषेत, चौथ्या शतकात झालेल्या बायबलच्या भाषांतरात, ‘टेक’च्या नात्यातलं ‘तेकान’ आहे. त्याचा अर्थ आहे स्पर्श करणे. हात लागणे. आता मोल्सवर्थ पुन्हा उघडा. ‘लागणे’ संस्कृत ‘लग्’पासून आलं: चिकटणे, जडणे, स्पर्श होणे. ‘लग्न’ही त्यातलंच, जोडलेलं. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण दोघे स्पर्शापासून निघाले आणि वेळ, गरज, कलम, सुरुवात अशा त्याच वळणांवर पोचले. त्यामुळं दुसऱ्या टप्प्यातला ‘लागणे’चा गठ्ठा एवढा भरतो.

सुरुवातीचं वळण तर फारच जवळचं आहे. लातूर-नांदेडकडं आम्ही विचारतो, ‘काय करूलालास?’ उत्तर येतं, ‘जेवूलालोय.’ हे ‘लाल’ म्हणजे ‘लागला’तला ‘ग’ गळून राहिलेलं रूप. करू लागलास, जेवू लागलोय. जुन्या नॉर्समध्येही ‘ताका’ला दुसरं क्रियापद जोडून ‘करू लागला’ असाच अर्थ होत असे, आणि ‘टुक टू’मध्ये तो इंग्रजीत उरलाय. आमच्या बोलीला हसणाऱ्यांमुळं जी मुलं शहरात गेल्यावर ‘लालोय’ गिळतात, त्यांना मी हे आवर्जून फळ्यावर लिहून दाखवतो.

तपासून पाहा: शिडीतल्या प्रत्येक पायरीवर भाषेचं नाव आहे का? भाषेच्या नावाशिवाय लिहिलेली पायरी खोडा.

टप्पा ६: खोटी नाती खोडा

आता ‘टेकणे’. शिडी झाल्यावर हा निकाल दोन मिनिटांत लागतो.

पहिली तपासणी जुन्या उच्चाराची. ‘टेक’मधला ‘ए’ नवा आहे. पंधराव्या शतकापासून पुढच्या दोन-तीन शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले आणि ‘ता’चा ‘टे’ झाला. स्पेलिंगमध्ये ‘ए’ हे अक्षर आणि शेवटी मुका ‘ई’ आहे, तो त्या जुन्या ‘ता-क’चाच ठसा. आजचा ‘टे’ आणि आपला ‘टे’ जुळतात म्हणून नातं सांगणं म्हणजे नातवाचा चेहरा बघून पणजोबा ठरवणं.

दुसरी तपासणी नियमित बदलाची. इंग्रजी आणि मराठी दूरच्या नात्यातल्या भाषा आहेत, पण त्या नात्यात व्यंजनं ठरावीक बदलतात. दोन आणि ‘टू’, दहा आणि ‘टेन’, दात आणि ‘टूथ’. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला असा ‘टी’ असेल तर आपल्याकडं ‘द’ अपेक्षित. ‘टेकणे’त तो नाही. त्यामुळं वडिलोपार्जित नातं गेलं. उधार आला म्हणावं तर शिडी थेट नॉर्सला जाते, तिथं मराठी भेटत नाही.

सावधान: नॉर्सच्या खाली, थेट आदिम मुळापर्यंत ‘टेक’ कुठून येतं यावर जाणकारांचं एकमत नाही. शिडी तिथंच थांबवा. संस्कृत धातू चिकटवायचा मोह होतो, विशेषतः भाषण द्यायचं असेल तेव्हा. चिकटवू नका.

टप्पा ७: परत वाक्याकडं

वहीचा डावा रकाना झाका. उजवीकडची मराठी वाक्यं वाचत इंग्रजी पुन्हा लिहा. मग या चार ठिकाणी थांबा, पोरं इथंच घसरतात.

‘टेन्शन घेऊ नको’ला ‘डोन्ट वरी’. इथं ‘टेक’ला जागाच नाही.
‘ॲडमिशन घेतलं’ला ‘गॉट ॲडमिशन’. ‘टुक ॲडमिशन’ आपल्याकडच्या पाट्यांवर दिसतं, बाहेर कुणी म्हणत नाही.
‘चहा घ्या’ला ‘हॅव सम टी’. चहात साखर घेता का, एवढ्यापुरतं ‘डू यू टेक शुगर’.
‘मला दोन तास लागले’ला ‘इट टुक मी टू अवर्स’. वाक्याची सुरुवात ‘इट’नं. ‘टू अवर्स’नं सुरू केलंत तर थांबा आणि खोडा.

आठ दिवसांनी हेच पुन्हा करा, यावेळी गठ्ठ्यांचा क्रम बदलून. पंचवीसपैकी वीस वाक्यं बरोबर आली तर नवं पान दुमडा आणि वर ‘गेट’ लिहा. वीसच्या खाली राहिलात तर ‘लागणे’चा गठ्ठा काढा आणि त्यात तुमच्या गावची आणखी दहा वाक्यं घाला. विहिरीला किती परस (पुरुषभर खोलीचं माप) लागले, पोराला शाळेत जायला किती वेळ लागतो, मोटारीला कुठली फेज लागते. मग त्यांतली ‘टेक’नं होणारी कुठली आणि न होणारी कुठली ते वेगळं करा.